विश्लेषण : फोटो तिने काढला, पण नाव कुणाचे? ‘ली’ चित्रपट, होमाई व्यारावाला आणि पेटाऱ्यातल्या निगेटिव्ह

म्युनिचमधील हिटलरच्या घरात, त्याच्याच बाथटबमध्ये बसलेली एक स्त्री आणि टबापुढे चिखलाने माखलेले लष्करी बूट. दुसऱ्या महायुद्धातील हा फोटो समाजमाध्यमांवर अनेकदा फिरतो. ही स्त्री म्हणजे ली मिलर. त्या स्वतः युद्धाची छायाचित्रे काढत होत्या, हे मात्र फोटो पुढे पाठवणाऱ्या अनेकांना माहीत नसते. त्यांच्या आयुष्यावरील ‘ली’ हा चित्रपट आल्यानंतर त्यांचे नाव पुन्हा चर्चेत आले. युद्धात कॅमेरा घेऊन उतरलेल्या पहिल्या काही महिलांची छायाचित्रे जगाने पाहिली, पण त्यांची नावे मागे का पडली? भारतात होमाई व्यारावाला यांच्या बाबतीत काय घडले? आणि नाशिकच्या फाळके घराण्याशी या प्रश्नाचे काय नाते आहे, याचा हा आढावा.

‘ली’ हा चित्रपट कशाबद्दल आहे?

‘ली’चा पहिला खेळ सप्टेंबर २०२३ मध्ये टोरांटो आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात झाला. ब्रिटन आणि अमेरिकेतील चित्रपटगृहांत तो सप्टेंबर २०२४ मध्ये प्रदर्शित झाला. मुख्य भूमिका ‘टायटॅनिक’फेम केट विन्स्लेट यांची असून त्या निर्मात्यांपैकीही एक आहेत. दिग्दर्शिका एलेन कुरास या मूळच्या सिनेमॅटोग्राफर. कथापटाचे दिग्दर्शन करण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. मिलर यांचे पुत्र अँटनी पेनरोझ यांनी १९८५ मध्ये लिहिलेले आईचे चरित्र हा चित्रपटाचा आधार आहे.

चित्रपटाने मिलर यांचे सगळे आयुष्य घेतलेले नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या आसपासची काही वर्षे निवडली आहेत. १९७७ मध्ये वयोवृद्ध मिलर एका तरुणाला जुन्या फोटोंविषयी सांगत आहेत, अशी मांडणी आहे. हा चित्रपट उभा करण्यासाठी विन्स्लेट अनेक वर्षे झटत होत्या. या भूमिकेसाठी त्यांना गोल्डन ग्लोबचे नामांकनही मिळाले.

ली मिलर कोण होत्या?

जन्म २३ एप्रिल १९०७, अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी या गावी. विशीत त्या न्यूयॉर्कमध्ये मॉडेल म्हणून प्रसिद्ध झाल्या. मार्च १९२७ मध्ये ‘व्होग’ मासिकाच्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र आले. पण कॅमेऱ्यापुढे उभे राहण्यापेक्षा त्यामागे जावे, असे त्यांना वाटू लागले. १९२९ मध्ये त्या पॅरिसला गेल्या आणि मॅन रे या नामवंत कलावंताकडे छायाचित्रण शिकल्या.

नावाचा प्रश्न येथूनच सुरू होतो. छायाचित्र डेव्हलप होत असताना त्यावर प्रकाश पाडला, की काळ्या-पांढऱ्या छटा काही ठिकाणी उलट्या होतात आणि आकृतीभोवती रेघ उमटते. या तंत्राला सोलरायझेशन म्हणतात. मॅन रे यांच्या नावाने ते ओळखले गेले. डार्करूममध्ये अचानक दिवा लागण्याचा जो प्रसंग त्याच्या मुळाशी सांगितला जातो, तो घडला मिलर यांच्या हातून. शिवाय त्या काळात मिलर यांनी काढलेली काही छायाचित्रे मॅन रे यांच्या नावावर गेल्याचे अभ्यासक सांगतात.

पुढे न्यूयॉर्कमध्ये स्वतःचा स्टुडिओ, लग्नानंतर काही वर्षे कैरो आणि युद्धाच्या तोंडावर लंडन असा त्यांचा प्रवास झाला. जर्मन विमाने लंडनवर बॉम्ब टाकत होती, तेव्हा त्या ब्रिटिश ‘व्होग’साठी काम करत होत्या. संपादक होत्या ऑड्री विदर्स. कपडे आणि टोप्या छापणारे मासिक पडक्या इमारती आणि कामाला जुंपलेल्या परिचारिकाही छापू लागले.

महिला छायाचित्रकारांना आघाडीवर का जाऊ देत नसत?

युद्धाचे वार्तांकन करायचे तर सैन्याची अधिकृत मान्यता लागते. ती असेल तरच गणवेश, वाहन, जेवण, मुक्काम आणि मजकूर पाठवण्याची सोय मिळते. ब्रिटिश सैन्य महिलांना आघाडीसाठी अशी मान्यता देत नव्हते. मिलर अमेरिकी नागरिक होत्या, म्हणून १९४२च्या अखेरीस त्यांनी अमेरिकी सैन्याची मान्यता मिळवली. मान्यतेनंतरही बंधने होतीच. महिलांनी लढाईच्या जागी जायचे नाही, रुग्णालये आणि मागच्या फळीतील कामे टिपायची, असा शिरस्ता होता.

जून १९४४ मध्ये दोस्त फौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या. मिलर तेथे पोहोचल्या जुलैमध्ये, लष्करी रुग्णालयांचे फोटो काढण्यासाठी. ऑगस्टमध्ये त्यांना सेंट मालो या किनारी शहरात पाठवले गेले. शहर ताब्यात आले आहे, अशी माहिती होती. प्रत्यक्षात लढाई सुरूच होती. मिलर परत फिरल्या नाहीत आणि थेट लढाई टिपली. त्यात नापाम बॉम्बचा भडका उडतानाचेही फोटो होते, ते सेन्सॉरने रोखले. परवानगीबाहेर आघाडीवर गेल्याबद्दल सैन्याने त्यांना काही दिवस नजरकैदेतही ठेवले.

त्यांच्या हातात रोलिफ्लेक्स कॅमेरा असे. फोनवर दिवसाला शंभर फोटो काढणाऱ्यांना त्याच्या मर्यादा कळायला हव्यात. एका रोलमध्ये चौकोनी १२ फोटो. कॅमेरा छातीपाशी धरून वरून काचेत पाहायचे, त्यातली प्रतिमा डावी-उजवी उलटी दिसते. झूम नाही. माणूस मोठा दिसायला हवा असेल तर स्वतः चालत जवळ जावे लागते. १२ फोटो संपले, की आजूबाजूला गोळीबार असला तरी थांबून रोल बदलायचा.

बाथटबमधील फोटो इतका का गाजला?

जर्मनीतील डाखाऊ छळछावणी अमेरिकी सैन्याने २९ एप्रिल १९४५ रोजी मुक्त केली. दुसऱ्या दिवशी मिलर आणि ‘लाइफ’ मासिकाचे छायाचित्रकार डेव्हिड शेरमन छावणीत पोहोचले. मृतदेहांनी भरलेले रेल्वेचे डबे, जिवंत राहिलेले कैदी, पकडलेले पहारेकरी हे सारे त्यांनी टिपले. तेथून ते म्युनिचला हिटलरच्या घरी गेले. ते घर तोवर अमेरिकी सैनिकांच्या ताब्यात आले होते.

मिलर टबात उतरल्या आणि शेरमन यांनी फोटो काढला. टबाच्या कडेला हिटलरचा फोटो ठेवलेला होता. पुढच्या पांढऱ्या पायपुसण्यावर मिलर यांचे बूट होते. त्या बुटांना डाखाऊचा चिखल होता आणि पायपुसणे त्याने मळले होते. योगायोग असा, की त्याच दिवशी, ३० एप्रिल १९४५ रोजी, बर्लिनमध्ये हिटलरने आत्महत्या केली.

यातला विरोधाभास लक्षात घेण्यासारखा आहे. ली मिलर या नावाने जगात सर्वाधिक पाहिला गेलेला फोटो मिलर यांनी काढलेलाच नाही. त्यात त्या पुन्हा मॉडेलच्या जागी आहेत. त्याच सकाळी त्यांनी स्वतः काढलेले डाखाऊचे फोटो मात्र छापायला जड गेले. अमेरिकी ‘व्होग’ने जून १९४५च्या अंकात ते ‘विश्वास ठेवा’ अशा अर्थाच्या मथळ्याखाली छापले. ब्रिटिश ‘व्होग’ने हात आखडता घेतला. युद्ध संपले होते आणि वाचकांना आता आनंदाच्या बातम्या हव्या होत्या. हा नकार मिलर यांना किती लागला, ते चित्रपट दाखवतो.

मग त्या विस्मरणात कशा गेल्या?

युद्धानंतर मिलर यांनी चित्रकार व लेखक रोलँड पेनरोझ यांच्याशी लग्न केले. १९४७ मध्ये मुलगा झाला. १९४९ पासून त्या इंग्लंडच्या ससेक्स भागातील फार्ली फार्म या घरात राहिल्या. युद्धात पाहिलेल्या गोष्टींनी त्यांचा पिच्छा सोडला नाही. नैराश्य आणि दारूने त्यांना ग्रासले. पुढे त्यांनी छायाचित्रण सोडले आणि पाककलेत मन रमवले. युद्धाबद्दल कुणी विचारले, तर त्या विषय टाळत. २१ जुलै १९७७ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

त्यानंतर घराच्या माळ्यावर खोकी सापडली. त्यांत सुमारे ६० हजार निगेटिव्ह, प्रिंट आणि कागदपत्रे होती. आईने युद्धात काय केले, हे मुलाला त्या खोक्यांतून कळले. त्यातून चरित्र लिहिले गेले, संग्रह उभा राहिला, प्रदर्शने झाली आणि शेवटी चित्रपट निघाला. खोकी रद्दीत गेली असती, तर ‘ली’ हा चित्रपट निघालाच नसता.

मिलर यांच्याआधी युद्धात कुणी महिला छायाचित्रकार होत्या का?

होत्या, आणि त्यांपैकी एकीची कहाणी अधिक करुण आहे. गेर्डा टारो यांचा जन्म १९१० मध्ये जर्मनीतील श्टुटगार्टचा. मूळ नाव गेर्टा पोहोरिले. नाझी सत्तेवर आल्यावर या ज्यू तरुणीने पॅरिस गाठले. तेथे हंगेरीहून आलेल्या एन्द्रे फ्रीडमन या छायाचित्रकाराशी त्यांची ओळख झाली. निर्वासितांच्या फोटोंना भाव मिळत नव्हता, म्हणून दोघांनी मिळून ‘रॉबर्ट कापा’ नावाचा एक श्रीमंत अमेरिकी छायाचित्रकार कल्पनेतून उभा केला आणि त्याच्या नावावर फोटो विकले. पुढे ते नाव फ्रीडमन यांचेच झाले. आज युद्ध छायाचित्रण म्हटले की पहिले आठवते ते कापा हेच नाव.

टारो यांनी स्पेनच्या यादवी युद्धात आघाडीवर जाऊन फोटो काढले. जुलै १९३७ मध्ये ब्रुनेतेच्या लढाईतून माघार घेताना त्या रणगाड्याखाली सापडल्या आणि २६ जुलैला त्यांचा मृत्यू झाला. तेव्हा त्यांना २७ वर्षेही पूर्ण झाली नव्हती. वार्तांकन करताना आघाडीवर मरण आलेल्या पहिल्या महिला छायाचित्रकार म्हणून त्यांची नोंद होते. त्यांच्या बऱ्याच फोटोंवर मात्र अनेक दशके कापा यांचेच नाव राहिले. संशोधकांना नंतर एक धागा सापडला. सुरुवातीच्या काळात टारो यांच्या कॅमेऱ्यातून चौकोनी निगेटिव्ह येत, तर कापा यांच्या लायकातून आयताकृती. निगेटिव्हच्या आकारावरून फोटो कुणाचा, हे ठरवता येऊ लागले. २००७ मध्ये मेक्सिकोतून तीन पेट्या न्यूयॉर्कच्या संग्रहालयात पोहोचल्या. त्यांत कापा, टारो आणि त्यांचे सहकारी चिम यांच्या सुमारे ४५०० निगेटिव्ह होत्या. त्यामुळे टारो यांचे आणखी काम त्यांच्या नावावर आले.

नाव टिकलेल्याही एक आहेत. ‘लाइफ’च्या मार्गारेट बर्क-व्हाइट यांना दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याची मान्यता मिळाली. १९४१ मध्ये मॉस्कोवर जर्मन हल्ले होत असताना त्या तेथे होत्या. १९४६ मध्ये त्या भारतात आल्या. चरख्याशेजारी बसलेल्या गांधीजींचा जगप्रसिद्ध फोटो त्यांचाच. ‘गांधी’ या १९८२च्या चित्रपटात त्यांचे पात्रही आहे. नामांकित साप्ताहिकाची नोकरी होती आणि प्रत्येक फोटोसोबत नाव छापले जात होते, हा येथे मोठा फरक पडला.

भारतात अशी छायाचित्रकार कोण?

बर्क-व्हाइट दिल्लीत वावरत होत्या, त्याच काळात साडी नेसून, खांद्यावर जड कॅमेरा अडकवून सायकलवरून फिरणाऱ्या एक छायाचित्रकार तेथे काम करत होत्या. त्या होमाई व्यारावाला. भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्या ओळखल्या जातात.

होमाई यांचा जन्म ९ डिसेंबर १९१३ रोजी गुजरातमधील नवसारी येथे पारशी कुटुंबात झाला. वडील पारशी रंगभूमीवर नट होते. होमाई मुंबईत वाढल्या आणि जे. जे. कला महाविद्यालयात शिकल्या. कॅमेरा हाताळायला शिकवला तो माणेकशॉ व्यारावाला यांनी. पुढे त्यांच्याशीच लग्न झाले. सुरुवातीचे फोटो ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये छापून आले, फोटोमागे एक रुपया मिळे. दुसरे महायुद्ध सुरू झाले, तेव्हा त्या ‘इलस्ट्रेटेड वीकली’साठी काम करू लागल्या होत्या.

त्यांचे आरंभीचे अनेक फोटो माणेकशॉ यांच्या नावाने छापले गेले. होमाई तेव्हा अपरिचित होत्या, त्यात स्त्री. पुढे त्यांनी ‘डालडा १३’ हे टोपणनाव घेतले. त्याचे कारण मजेशीर आहे. जन्मवर्ष १९१३, माणेकशॉ यांच्याशी पहिली भेट वयाच्या तेराव्या वर्षी आणि पहिल्या मोटारीचा क्रमांक ‘डीएलडी १३’. टोपणनाव त्यांनी स्वतः निवडलेले होते. पण वाचकाला फोटोखालच्या ‘डालडा १३’वरून हे काम एका बाईचे आहे, याचा पत्ता लागत नसे.

होमाई यांना युद्ध छायाचित्रकार म्हणता येईल का?

काटेकोर अर्थाने नाही. त्या मिलर किंवा टारो यांच्यासारख्या आघाडीवर गेल्या नाहीत. पण युद्धानेच त्यांच्या कारकिर्दीला वळण दिले. ब्रिटिश सरकारला युद्धकाळातील प्रचारासाठी भारतातून छायाचित्रे हवी होती. १९४२ मध्ये होमाई आणि माणेकशॉ दिल्लीत ब्रिटिश माहिती सेवेत रुजू झाले. त्यातूनच होमाई सत्तांतराच्या केंद्राजवळ पोहोचल्या.

जून १९४७ मध्ये फाळणीच्या योजनेवर हात वर करून मतदान करणारे काँग्रेस नेते, स्वातंत्र्याचे पहिले ध्वजवंदन, माउंटबॅटन यांचा निरोप, गांधीजींची अंत्ययात्रा, नेहरूंच्या असंख्य मुद्रा आणि १९५६ मध्ये सिक्कीममार्गे भारतात येणारे तरुण दलाई लामा हे सर्व त्यांच्या कॅमेऱ्यात आहे. स्पीड ग्राफिकसारखा अवजड कॅमेरा, प्रत्येक फोटोला नवा फ्लॅश बल्ब आणि एकाच संधीत नेमका क्षण पकडायचा, अशी ही पद्धत होती. एक क्षण मात्र हुकला. ३० जानेवारी १९४८ रोजी त्या गांधीजींच्या प्रार्थनासभेला निघाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दोघे मिळून जाऊ, असे म्हणत पतीने त्यांना परत बोलावले. त्याच संध्याकाळी गांधीजींची हत्या झाली. ती खंत त्यांनी पुढे अनेकदा बोलून दाखवली.

१९६९ मध्ये माणेकशॉ गेले. वर्षभरात होमाई यांनी कॅमेरा खाली ठेवला तो कायमचा. नव्या छायाचित्रकारांची वागणूक त्यांना रुचत नव्हती. नंतर त्या वडोदऱ्यात जवळजवळ अज्ञातवासात राहिल्या. त्यांना पुन्हा लोकांसमोर आणण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात सबिना गडिहोक या अभ्यासक-चित्रपटकर्तीला जाते. त्यांचा ‘थ्री विमेन अँड अ कॅमेरा’ हा माहितीपट १९९८ मध्ये आला. त्यानंतर होमाई यांच्या कामावर त्यांचे सविस्तर पुस्तकही निघाले. संग्रह दिल्लीच्या अल्काझी फाउंडेशनकडे गेला. २०११ मध्ये पद्मविभूषण मिळाले, तेव्हा होमाई ९७ वर्षांच्या होत्या. १५ जानेवारी २०१२ रोजी त्यांचे निधन झाले.

प्रत्यक्ष आघाडीची गोष्ट करायची, तर भारतीय महिला पत्रकारांनी तीही वाट काढली. १९६५च्या भारत-पाक युद्धात प्रभा दत्त खेमकरणच्या आघाडीपर्यंत गेल्या होत्या. त्या छायाचित्रकार नव्हत्या, वार्ताहर होत्या. पण महिलांनी तेथे जायचे नाही, हा समज त्यांनीही मोडला.

याचा नाशिकशी काय संबंध?

होमाई ज्या वर्षी जन्मल्या, त्याच १९१३च्या मे महिन्यात मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. तो बनवणारे दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. तेही जे. जे. मध्ये शिकले, नंतर वडोदऱ्याच्या कलाभवनात. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी त्यांनी गोध्रा येथे फोटो स्टुडिओ चालवला होता. ‘राजा हरिश्चंद्र’नंतर त्यांनी काम नाशिकला हलवले. १९४४ मध्ये त्यांचे निधनही नाशिकलाच झाले. पांडवलेणीच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे.

त्या घरातही नाव मागे राहिलेली एक स्त्री होती. फाळके यांच्या पत्नी सरस्वतीबाई. परदेशातून आलेल्या कोऱ्या फिल्मला कडेने भोके पाडावी लागत, त्याशिवाय ती कॅमेऱ्यात सरकत नसे. हे काम अंधारात, हाताने, एकेक भोक मोजत सरस्वतीबाई करत. फिल्म धुणे आणि डेव्हलप करणे, उन्हात पांढरी चादर धरून नटांवर उजेड पाडणे आणि साऱ्या मंडळींचा स्वयंपाक हेही त्यांच्याकडेच. भांडवलासाठी त्यांचे दागिने गेले. आजच्या भाषेत त्यांना तंत्रज्ञ म्हटले असते आणि श्रेयनामावलीत त्यांचे नाव आले असते.

ही गोष्ट सर्वसामान्य मराठी प्रेक्षकापर्यंत नेली ती एका चरित्रपटानेच. परेश मोकाशी यांचा २००९चा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ पाहिलेल्यांना विभावरी देशपांडे यांनी साकारलेल्या सरस्वतीबाई आठवतात. ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून हा चित्रपट गेला होता. ‘ली’ने मिलर यांच्यासाठी जे केले, तेच काही अंशी या चित्रपटाने सरस्वतीबाईंसाठी केले.

चरित्रपटाने सगळे भरून निघते का?

नाही. दोन तासांत आयुष्य बसवताना काटछाट होतेच. ‘ली’मध्ये पॅरिस आणि कैरोची वर्षे जवळपास नाहीत. प्रसंग जोडले जातात, संवाद रचले जातात. म्हणून चरित्रपट हा पुरावा मानता येत नाही. पुरावा असतात त्या निगेटिव्ह, त्यांवरील तारखा आणि सोबतची पत्रे. चित्रपट लोकांना त्या पुराव्याकडे वळवू शकतो. दादासाहेबांच्या बाबतीत तर तोही थोडाच उरला. त्यांच्या अनेक मूकपटांचे आज तुकडेच उपलब्ध आहेत. जे वाचले, ते जपण्यात पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा मोठा वाटा आहे.

आज परिस्थिती बदलली आहे का?

आघाडीवर काम करणाऱ्या महिलांची संख्या वाढली, धोका कमी झाला नाही. गाझातील तरुण छायाचित्रकार फातिमा हस्सूना यांच्यावर इराणी दिग्दर्शिका सेपिदेह फारसी यांनी माहितीपट बनवला. तो कान येथे दाखवला जाणार, हे जाहीर झाले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १६ एप्रिल २०२५ रोजी, इस्रायली हवाई हल्ल्यात फातिमा आणि त्यांचे अनेक कुटुंबीय मारले गेले. त्या २५ वर्षांच्या होत्या.

नावाचा प्रश्नही नव्या रूपात समोर आहे. डिजिटल फोटोच्या फाइलमध्ये तारीख, वेळ, कॅमेरा, कधी ठिकाण, आणि भरले असेल तर छायाचित्रकाराचे नाव दडलेले असते. याला मेटाडेटा म्हणतात. व्हॉट्सअॅपवर फोटो नेहमीच्या पद्धतीने पाठवला, की तो लहान होतो आणि ही माहिती गळून पडते. स्क्रीनशॉट काढला तर मूळ माहिती राहतच नाही. तीन-चार ग्रुप फिरून आलेला फोटो कुणाचा, कुठला, कधीचा, हे म्हणूनच कळत नाही. जुन्या युद्धातला फोटो नव्या युद्धातला म्हणून खपतो, त्यामागेही हेच कारण आहे. यावर उपाय म्हणून फोटो काढतानाच त्यात डिजिटल सही घालणारे कॅमेरे येऊ लागले आहेत. लायका कंपनीने २०२३ मध्ये असा कॅमेरा बाजारात आणला.

कायदा काय सांगतो?

भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारी व्यक्ती. वृत्तपत्रातील नोकरीत काढलेला किंवा पैसे देऊन काढून घेतलेला फोटो असेल, तर वेगळा करार नसल्यास मालकी दुसऱ्याकडे जाऊ शकते. लग्नाचे फोटो हे त्याचे सोपे उदाहरण. पण मालकी गेली, तरी हे काम माझे आहे, असे सांगण्याचा हक्क काढणाऱ्याकडेच राहतो. कायद्याचे कलम ५७ हा नैतिक हक्क देते. २०१२च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रांचे संरक्षणही छायाचित्रकाराची हयात आणि मृत्यूनंतर ६० वर्षे इतके झाले आहे. फोटो काढणारा कोण, हेच माहीत नसेल तर ही मुदत मोजणेही अवघड होते.

घरातल्या जुन्या फोटोंचे काय करावे?

दुसऱ्या महायुद्धात देवळाली ही ब्रिटिश फौजांची मोठी छावणी होती. आजही तेथे आणि नाशिकरोडला तोफखान्याची प्रशिक्षण केंद्रे आहेत. सैन्यात गेलेल्यांचे, छावणीत काम केलेल्यांचे फोटो या परिसरातील घरांत असणे स्वाभाविक आहे. दिवाळीच्या साफसफाईत ते टाकून देण्यापूर्वी काही गोष्टी पाहाव्यात.

• निगेटिव्ह नेहमी कडेला धरावी, मधल्या भागावर बोटे लावू नयेत. ती पाण्याने किंवा कपड्याने पुसू नये.

• प्लास्टिकच्या पिशवीत दमट हवा कोंडते. कागदी पाकिटात, कोरड्या आणि थंड जागी ठेवावे. पत्र्याखालचा माळा उन्हाळ्यात तापतो, ती जागा टाळावी.

• व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल, तर फिल्म खराब होऊ लागली आहे. ती इतरांपासून वेगळी ठेवून लवकर स्कॅन करून घ्यावी.

• फार जुनी, १९५० च्या आधीची फिल्म नायट्रेटची असू शकते. ती चटकन पेट घेते. देवघर, गॅस आणि उन्हापासून दूर ठेवावी, जाणकाराला दाखवावी.

• निगेटिव्ह स्कॅन झाली तरी फेकू नये. हार्ड डिस्क बिघडते, मूळ फिल्म नीट ठेवली तर अनेक दशके टिकते.

• फोनवरून मूळ फोटो पाठवायचा असेल, तर व्हॉट्सअॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. तसे केल्यास फाइल लहान होत नाही आणि आतली माहिती राहते.

• प्रिंटच्या मागे बॉलपेनने लिहू नये, दाबाचे वळ पुढे उमटतात. मऊ शिसपेन्सिलने हलक्या हाताने तारीख, ठिकाण आणि फोटोतील माणसांची नावे लिहावीत. घरातील ज्येष्ठांना विचारून हे आताच करावे.

त्यांना आणखी एक गोष्ट विचारावी, जी सहसा कुणी विचारत नाही. फोटो कुणी काढला? काका, शेजारच्या स्टुडिओवाले, की आत्या? उत्तर मिळाले, तर तेही नाव मागे लिहून ठेवावे.